मुक्या कंप्यूटरची संथा

आमचा कंप्यूटर बोलत नाही, ही बातमी पंचगंगा घाटापासून मंगला गौरीच्या देवळापर्यंत पोहोचायला एक सकाळ पुरली. तेवढ्या वेळात मला अकरा जणांनी सल्ले दिले. त्यांपैकी नऊ जणांनी कंप्यूटर कधी पाहिलेला नव्हता. उरलेल्या दोघांतला एक मी स्वतः होतो, आणि माझा सल्ला मीच मानत नव्हतो.

एरवी कंप्यूटर मुका असायला आमच्या घरात कुणाचीच हरकत नव्हती. शरदिनीकाकू तर म्हणायची, घरात एक तरी जण उलट बोलत नाही. आई-बाबा बदलीमुळे गोरखपूरला होते आणि मी काशीत काका-काकूंकडे राहून बी.कॉम. करत होतो. शिवाय मी कंप्यूटरचा सहा महिन्यांचा डिप्लोमा केला होता, म्हणून बाबांनी कंप्यूटर घेऊन दिला. डिप्लोम्याचं सर्टिफिकेट काकूनं लॅमिनेट करून गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलं होतं. त्याला रोज उदबत्तीचा धूर मिळायचा. अब्रू अशी भिंतीला टांगलेली असली की माणूस भलतीच कामं अंगावर घेतो.

काम आलं ते कॅनडाहून. नोव्हेंबर नव्व्याण्णवमध्ये माझी चुलत बहीण ईशानीताई हिला मुलगी झाली. खालच्या मजल्यावरच्या बिंदुमाधवरावांच्या फोनवर तिचा फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता, त्यांच्याकडे होता. त्यामुळे आमच्या घरातली कुठलीही बातमी त्यांना आमच्याआधी कळायची.

"निमू, पुढच्या रविवारी बारसं आहे," ताई म्हणाली. "बाबांच्या आवाजातले आशीर्वादाचे मंत्र पाळण्यापाशी वाजले पाहिजेत. तुझ्याकडे कंप्यूटर आहे ना? रेकॉर्ड कर आणि ई-मेलनं पाठव."

"हो, त्यात काय!" मी म्हणालो. या तीन शब्दांचा मला पुढे बराच त्रास झाला.

ढुंढिराजकाका, म्हणजे ताईचे बाबा, घनपाठी. वेदातला मंत्र नुसता म्हणणं वेगळं आणि घन म्हणणं वेगळं. घनात शब्द आधी सरळ, मग उलटे, मग पुन्हा सरळ असे जातात. तीन शब्दांचा आशीर्वाद पोहोचवायला तेरा शब्द लागतात. ताईच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी काकांनी फोनवरून आशीर्वाद द्यायचा प्रयत्न केला होता. लाइन तुटली ती नेमकी शब्द उलटे चाललेले असताना. उलटा आशीर्वाद अर्ध्यात सुटला तर त्याचा परिणाम काय, याचा काकांनी पुढे दोन दिवस पोथ्यांत शोध घेतला. सापडलं नाही. तेव्हापासून फोन बाद होता. कॅसेट टपालानं पोहोचेपर्यंत पोरगी रांगायला लागली असती. म्हणून कंप्यूटर.

आता एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. कंप्यूटर घरात आला त्या दिवशी चालू होताना त्यानं आपलं चार सुरांचं संगीत वाजवलं होतं. काका संध्येला बसले होते. पळीतलं पाणी तळहातावर घेता घेता ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा होणार नाही," मी म्हणालो, आणि तशी व्यवस्था केली. ही व्यवस्था वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढचे आठ दिवस ती माझ्या लक्षात नव्हती.

पहिल्या दिवशी मी माइक लावला आणि त्यात 'एक, दोन, तीन' म्हटलं. पडद्यावर हिरवी रेघ नाचली. म्हणजे आवाज आत गेला. मग वाजवायचं बटण दाबलं. काही नाही. स्पीकरचा दिवा लागलेला, पिना जागच्या जागी, आणि शांतता अशी की काकूनं तुरीच्या डाळीतले खडे वेचताना केलेला टक् आवाज ऐकू आला.

मी काकांना समजावलं, "काका, आवाज आत जातोय. बाहेर येत नाही एवढंच. तुम्ही म्हणा, तिकडे ताईच्या कंप्यूटरवर ऐकू येईल."

काकांनी पोथी मिटली. "म्हणजे हा ऐकतो, पण म्हणून दाखवत नाही?"

"तसंच म्हणा."

"मग याला संथा देता येणार नाही."

संथेचा नियम आमच्या घरात दिव्याच्या बटणाइतका परिचयाचा होता. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं ऐकून दोनदा म्हणायचं, गुरूनं ऐकायचं. बरोबर असेल तर काका म्हणत, "हं. पुढं." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्यांनी चाळीस वर्षांत कुणाला दिलं नव्हतं. नरहरदादा त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. त्याला सुवर्णपदक मिळालं तेव्हाही काका "हं. पुढं" एवढंच म्हणाले होते.

"जो परत म्हणून दाखवत नाही, त्यानं काय ऐकलं हे कुणी सांगायचं?" काका म्हणाले. "तसंच कॅनडात पाठवू? एक स्वर खालीवर झाला म्हणून यजमानावरच यज्ञ उलटल्याची गोष्ट ठाऊक आहे ना? आणि इथं बारा दिवसांची पोर आहे. मी एकदा म्हणेन, तो दोनदा म्हणेल, मी ऐकेन. मग जाऊ दे त्याला कुठं जायचंय तिथं."

थोडक्यात, कंप्यूटरला वाचा फुटल्याशिवाय पोरीला आशीर्वाद मिळणार नव्हता. नऊ दिवस हातात होते.

या संथेबद्दल आणखी एक. ती बाहेरच्या खोलीत चाले आणि मुलींनी तिथं बसायचं नसे. ईशानीताई दाराबाहेरच्या पायरीवर वाती वळत बसायची. वातींची आमच्या घरी कधी एवढी गरज नव्हती, पण ती लग्न होईपर्यंत वळत राहिली. एखादा शिष्य अडला की दाराकडे बघायचा, आणि बघता बघता त्याला पुढचा शब्द आठवायचा. काकांना हे कधी कळलं नाही, असं सगळे धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी बिंदुमाधवराव वर आले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त. बत्तीस वर्षं प्रत्येक तक्रारीला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं आणि ते त्यांना अजून पुरत होतं.

"लाइनमध्ये ओल आहे," कंप्यूटरभोवती एक फेरी मारून ते म्हणाले.

"बिंदुकाका, याला लाइन नाही."

"मग आत असेल ओल. पेचकस आण."

मी डिप्लोमाधारक असूनही पेचकस आणला, कारण मोठ्यांनी काही मागितलं की आधी ते आणायचं आणि मग विचार करायचा, असे आमच्यावर संस्कार आहेत. त्यांनी चार स्क्रू काढले, झाकण उघडलं, आत टॉर्च मारली आणि म्हणाले, "हं, वायरी आहेत." मग झाकण लावलं. एक स्क्रू उरला. तो त्यांनी मला देवाच्या प्रसादासारखा उजव्या हातावर दिला.

तिसऱ्या दिवशी मी कंप्यूटरचा डबा डोक्यावर घेऊन, तो जिथून घेतला त्या लहुराबीरच्या दुकानाकडे निघालो. आमच्या गल्लीत रिक्षा येत नाही. मैदागिनपर्यंत चालत जावं लागतं, आणि वाटेत त्या दिवशी सांड बसला होता. सांडाला काशीत कुणी उठवत नाही, त्याच्या मनात येईपर्यंत थांबतात. मी वीस मिनिटं डोक्यावर कंप्यूटर घेऊन उभा राहिलो. येणाऱ्याजाणाऱ्यांनी विसर्जन कुठे आहे असं विचारलं.

दुकानातल्या माणसानं वहीतून मान वर केली नाही.

"क्या तकलीफ़ है?"

"आवाज़ नहीं आ रही."

"पहले आती थी?"

"आती थी."

"कोई प्रूफ़?"

पूर्वी आलेल्या आवाजाचा पुरावा कसा द्यायचा, हा प्रश्न डिप्लोम्यात नव्हता. मी म्हणालो, माझे काका साक्षीदार आहेत, ते संध्या करत होते. त्यानं तीन प्रतींत अर्ज लिहायला सांगितला. मी लिहिला. त्यानं वाचला आणि परत दिला.

"ये कम्प्लेंट नहीं है. ये कंडीशन है. कम्प्लेंट लिखिए."

मी 'आवाज येत नाही' याच्याऐवजी 'आवाज येत नाही म्हणून मला दुःख आहे' असं लिहिलं. ते चाललं. मग त्यानं डबा फिरवला आणि मागचं फाटलेलं सील पाहिलं.

"सील किसने तोड़ी?"

"एक रिटायर्ड सरकारी अधिकारी ने."

"तो उन्हीं के डिपार्टमेंट में जाइए."

परत येताना सांड तिथंच होता. आता त्याचं तोंड माझ्याकडे होतं, एवढाच काय तो फरक.

मग लल्लन जायसवाल आले. लल्लन पूर्वी लग्नांत, कीर्तनांत आणि निवडणुकीत भोंगे लावायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पाटीवर 'माइक' या शब्दापुढे 'एवं कंप्यूटर' असं लिहून घेतलं होतं. वय पंचेचाळीस, गालात पान. पान गालात असताना ते फक्त स्वरांत बोलत, व्यंजनं आपण घालून घ्यायची.

"घबड़ाइए मत, गुरु. कार्ड गया होगा," त्यांनी निदान केलं. नवं साउंड कार्ड घातलं. शांतता. तिसरं घातलं. शांतता. मग त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला, तोंडाला लावला आणि सवयीनं गरजले, "हल्लो! हल्लो, माइक टेस्टिंग! बोलिए शंकर भगवान की...!"

हिरवी रेघ पडद्याबाहेर जायची राहिली. माइकच्या टोकाला काळ्या स्पंजाची टोपी होती. तिच्यावर दोन लाल ठिपके उमटले. दारात काकू उभी होती.

लल्लन गेल्यावर ती म्हणाली, "तो पान खाऊन त्यात बोलला. उष्टं झालं ते."

"काकू, तो माइक आहे, पेला नाही."

"तोंडाशी जातं ते सगळं पेलाच. हे सोवळ्यात मंत्र म्हणणार आणि ते याच्या उष्ट्यात?"

मी लल्लनना गल्लीच्या तोंडापर्यंत पोहोचवून आलो तेव्हा माइक गंगाजळाच्या तांब्यात होता. गंगाजळानं सगळं शुद्ध होतं. शुद्ध झालेलं सगळं चालू राहतं, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही.

मी माइक गच्चीवर उन्हात ठेवला आणि राखण करत बसलो. डिप्लोमा घेताना हे मनात नव्हतं. दुपारी जरा डोळा लागला. उघडला तेव्हा कठड्यावर एक माकड बसून स्पंजाची टोपी चावत होतं. त्यानं ती चावली, विचार केला, माझ्याकडे अत्यंत निराशेनं पाहिलं आणि टोपी शेजारच्या छपरावर थुंकून दिली. माइक मात्र शाबूत होता आणि, काय सांगू, चालतही होता. काकूनं याचं श्रेय गंगेला दिलं. माझ्याकडे याविरुद्ध काही पुरावा नव्हता.

टोपीशिवाय माइकमध्ये फुसफुस यायची. तेव्हा काकूनं काकांच्या जुन्या मुकट्याचा काठ कापून त्याला रेशमी टोपी शिवली. मुकटा म्हणजे काकांचं सोवळ्यात नेसायचं रेशमी वस्त्र. त्यामुळे माइक आता कायमचा सोवळ्यात होता. मला आंघोळीआधी त्याला हात लावायची बंदी झाली. सोवळ्यातला माइक जगात दुसरा कुठे असेल असं मला वाटत नाही, पण कुणी चौकशी केलेली नसावी.

गुरुवारी सकाळी लल्लन त्यांचा लग्नातला अँप्लिफायर आणि भोंगा घेऊन आले. युक्तिवाद असा की आवाज असेल, पण बारीक असेल. भोंगा त्यांनी घाटाकडच्या खिडकीत ठेवला, कारण खोलीत ठेवला असता तर काकूनं त्याच्यावर पापड वाळत घातले असते. सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली. मी माझी कालची चाचणी पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी लावली. आम्ही तिघं, म्हणजे मी, लल्लन आणि बिंदुमाधवराव, भोंग्यात कान घालून बसलो. काका दारात उभे. काही नाही.

काकू चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता तिनं पडद्याकडे बोट केलं.

"निमू, त्या खालच्या कोपऱ्यात भोंग्याचं चित्र आहे ना, त्याच्यावर लाल फुली का रे?"

आम्ही तिघांनी पाहिलं. फुली होती. मला काकांची पळी आठवली, संध्या आठवली, आणि मी केलेली व्यवस्था आठवली.

"ई का है?" लल्लननी विचारलं.

अशा वेळी माणसानं आधी भोंग्याची वायर काढायला हवी. मी आधी फुली काढली.

कार्तिक महिन्यातली सकाळ. घाटावर स्नानाची गर्दी, गंगेत नावा. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून माझा आवाज गेला:

"हॅलो. एक, दोन, तीन. आवाज येतोय का? नाही येत. काका म्हणतात कंप्यूटर हट्टी आहे. काका स्वतः काय कमी हट्टी आहेत? आणि काकूनं आज पुन्हा तोंडलीच केलीत. या आठवड्यात तिसऱ्यांदा. हॅलो. आवाज येतोय का?"

खाली नावेतून एका माणसानं हात वर करून ओरडून उत्तर दिलं, "आवत हौ, गुरु! खूब आवत हौ!"

वायर सापडेपर्यंत ते दोनदा झालं. माझ्या आवाजात चुकूनही व्यंजन गळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शिंदे घाटावरच्या एका पंड्यानं मला थांबवून विचारलं की तोंडली म्हणजे काय. मी कुंदरू म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग बरोबर आहे तुमचं, तीनदा जास्त होतात.

काकू माझ्याशी दोन दिवस बोलली नाही आणि दोन्ही दिवस तोंडली केली. काका एवढंच म्हणाले, "आला आवाज. आता बसव त्याला."

शुक्रवारी काकांनी स्नान केलं, मुकटा नेसले आणि पाटावर बसले. शिष्यानं गुरूपेक्षा खाली बसायचं असतं, म्हणून कंप्यूटर टेबलावरून उतरवून चटईवर ठेवला. मला माउसपर्यंत पोहोचायला पालथं झोपावं लागलं. त्या स्थितीत मी अकरा मिनिटांचा आशीर्वाद चार भागांत रेकॉर्ड केला, कारण एका फ्लॉपीत तीन मिनिटांच्या वर मंत्र मावत नव्हता. भाग पहिला विद्येचा, दुसरा संपत्तीचा, तिसरा आयुष्याचा, चौथा सगळ्यांच्या कल्याणाचा.

"आता त्याला म्हणू दे," काका म्हणाले.

मी बटण दाबलं. भाग पहिला वाजला.

"दुसऱ्यांदा."

"काका, तेच परत येईल."

"संथा म्हणजे संथा."

मी दुसऱ्यांदा दाबलं. काका डोळे मिटून, बोटांवर स्वर मोजत ऐकत होते. "हं. पुढं," ते म्हणाले. काकांकडेच शिकलेल्या माझ्या एका आतेभावाला हे ऐकायला चार वर्षं लागली होती. कंप्यूटरला सहा मिनिटं लागली.

दुसरा भाग, हं, पुढं. तिसरा भाग संपत आला आणि काकांचे डोळे उघडले.

"खाली गेला."

"कोण?"

"हा. शेवटचा स्वर वर धरायचा. यानं सोडला. थांब, पुन्हा सांगतो."

काकांनी तिसरा भाग पुन्हा म्हटला. कंप्यूटरनं पुन्हा त्याच जागी सोडला. काकांनी तिसऱ्यांदा म्हटला, या वेळी बोट वर करून दाखवत. मी कंप्यूटरला बोट दिसत नाही हे सांगितलं नाही. त्यानं तिसऱ्यांदाही सोडला.

"चाळीस वर्षांत असा मठ्ठ पाहिला नाही," काका म्हणाले. "बरं, चुकतो तर नवीन चूक तरी करावी. तीच जागा, तीच चूक!"

मला वेद येत नाहीत. पण रेकॉर्डिंग म्हणजे काय, हे डिप्लोम्याच्या दुसऱ्याच धड्यात होतं. मी काकूकडे पाहिलं. तिचा डाळीतला हात थांबला होता. अबोला धरलेला असूनही तिनं माझ्याकडे बघून नको अशी मान हलवली. काकांना त्या वर्षी बहात्तरावं लागलं होतं. मी माउसकडे बघत राहिलो.

काकांच्या आग्रहावरून लल्लनना पुन्हा बोलावलं. तक्रार ऐकून ते पहिल्यांदाच पान थुंकून आले. "पूरा साउंड ओके है, गुरुजी," ते म्हणाले, पण काका बधेनात, तेव्हा त्यांनी कसली तरी पट्टी वर सरकवली. सगळा आवाज चढला. काका आठ वर्षांच्या बटूसारखे ऐकू येऊ लागले.

"बाकीचं सगळं वर गेलं," काका शांतपणे म्हणाले. "ते तेवढंच खाली आहे." मग थोड्या वेळानं, "यंत्रदोष आहे. तिसरा भाग जाणार नाही."

काकूनं विचारलं, "म्हणजे पोरीला विद्या मिळेल, पैसा मिळेल, आयुष्य तेवढं नाही?"

 पाटावरून उठताना काकांनी भिंतीचा आधार घेतला. एरवी घेत नसत.

शनिवारी मी फ्लॉप्या झोळ्यात घालून दशाश्वमेधजवळच्या इंटरनेटच्या दुकानात गेलो. तीन पाठवायच्या होत्या. माझ्या एका बाजूला सतार घेतलेला एक जर्मन बसला होता, दुसऱ्या बाजूला पंखा. एकेक फ्लॉपी वर चढायला तासाच्या आसपास लागत होता आणि दोनदा वीज गेली. तीन पाठवून झाल्यावर मी चौथ्यांदा झोळ्यात हात घातला. तिसऱ्या भागाची फ्लॉपी मी घरातून निघताना चुकून घेतली होती, असं माझं आजही म्हणणं आहे. तीही पाठवली. खाली लिहिलं, 'यात यंत्रदोष आहे. वाजवू नये.'

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला खालून हाक आली. "गुरुजी! कॅनडा!"

आम्ही सगळे खाली धावलो. बिंदुमाधवरावांच्या फोनचा आवाज त्यांनी खात्यात असतानाच वाढवून घेतला होता. त्या खोलीत कुणाचंही खाजगी बोलणं होऊ शकत नसे आणि कुणी तशी अपेक्षाही करत नसे.

"बाबा, मिळाले चारही," ताईचा आवाज आला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिंदुमाधवरावांच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"तिसरा वाजवू नको," काका म्हणाले. "तो यंत्रदोष..."

"यंत्राचा दोष नाही, बाबा." ताई म्हणाली, "तुमचा श्वास पुरत नाही तिथं. शेवटच्या शब्दाआधी अर्धा श्वास घ्यायचा. तुम्हीच घ्यायचात. नरहरदादा विसरला की त्याच जागी तुम्ही त्याच्या मांडीवर चापट मारायचात."

 बिंदुमाधवरावांनी लाइन आहे ना, म्हणून वायर चाचपून पाहिली.

"तुला काय ठाऊक?" काकांनी विचारलं.

"वाती वळत होते ना."

काकांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. मला वाटलं, आता ते फोन ठेवतात. काकूलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं पदर तोंडाला लावला.

"म्हण," काका म्हणाले.

"काय, बाबा?"

"तिसरा भाग. मी ऐकतोय."

आणि मग काका खाली बसले. फोन उंच स्टुलावर होता, त्याच्या पायाशी, उघड्या फरशीवर, मांडी घालून. वायर तेवढी लांब नव्हती, म्हणून बिंदुमाधवराव फोन दोन्ही हातांत घेऊन वाकून उभे राहिले. ताईनं म्हटलं. सरळ, उलटं, पुन्हा सरळ. शेवटच्या शब्दाआधी एक बारीक थांबा, आणि स्वर वर, तिथंच.

काकांनी ते ऐकलं आणि एकदा म्हटलं. अर्धा श्वास घेतला. स्वर राहिला. मग दुसऱ्यांदा म्हटलं.

पलीकडे मागे कुठे तरी एक तान्हं मूल कुरकुरलं. मग ताई म्हणाली, "हं. पुढं."

काकूनं नाक पुसलं. बिंदुमाधवराव चष्मा काढून म्हणाले, "लाइनमध्ये ओल आहे."

"माझे तीन वाजव," काका फोनमध्ये म्हणाले.  "तिसरा पाळण्यापाशी तूच म्हण. कुणी विचारलं तर सांग, माझी शिष्या आहे." मग मिनिटाचा हिशेब आठवून त्यांनी घाईघाईनं फोन ठेवला.

वर आल्यावर मला वाटलं, संपलं. मी कंप्यूटर चटईवरून उचलून टेबलावर ठेवायला लागलो. काका पुन्हा स्नान करून, मुकटा नेसून बाहेर आले आणि पाटावर बसले.

"राहू दे त्याला खालीच. चूक त्याची नव्हती. माझ्याकडून शिकलाय चुकीचं, आता तसाच म्हणत राहील. तिसरा परत सांगतो."

मी पालथा झोपलो. रेशमी टोपीतला माइक त्यांच्यासमोर धरला. त्यांनी म्हटलं, अर्ध्या श्वासासकट. मग मी आधी कोपऱ्यात फुली नाही ना ते पाहिलं, आणि कुणी सांगायची वाट न बघता बटण दोनदा दाबलं. काका डोळे मिटून, बोटांवर स्वर मोजत ऐकत होते. दुसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि कंप्यूटरकडे पाहिलं.

"हं. पुढं."

माझ्या डिप्लोम्याला हे अजून कुणी म्हटलेलं नाही.